चार अक्षरांचा रकाना

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. या सदरातले बरेच अनुभव मी वाचलेत... पांढरी साडी, पैंजण, पिंपळ, अमावास्या... आणि दर वेळी वैतागून बाजूला ठेवलेत. माझ्या अनुभवात यातलं काहीच नाही. भर दुपारी साडेतीन वाजता, ट्यूबलाइटखाली, चार माणसांच्या देखत घडलेली गोष्ट आहे. ती आठवली की मला भीती वाटत नाही, राग येतो. इतकी वर्षं झाली, तरी येतो.

आणि हो — ‘व्हायरस असेल’, ‘प्रिंटरच्या मेमरीत राहिलं असेल’ असं कळवायची ज्यांना घाई झाली आहे, त्यांनी आधी पुरतं वाचावं ही विनंती. कॉम्प्युटर हेच माझं काम होतं. तुम्हाला जे सुचेल ते मी तेव्हाच तपासलेलं आहे.

साल सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव. गेवराईत हायवेला लागून खाली खतं-औषधांचं दुकान आणि वर दोन खोल्या, तिथं आमची जाहिरात एजन्सी होती. आता एजन्सी म्हटलं की काचेचं ऑफिस डोळ्यांपुढे येतं. आमच्याकडे दोन टेबलं, रंगाचे डबे आणि भोंगा लावलेली एक जीप. त्या काळात रोज नवी कंपनी निघत होती आणि प्रत्येकीला खेड्यात शिरायचं होतं. पंपवाले, पाइपवाले, साबणवाले, टीव्हीवाले. आमचं मुख्य काम भिंती रंगवणं. रस्त्याकडेची चांगली भिंत हेरायची, मालकाच्या घराचा दर्शनी भाग दिवाळीच्या तोंडावर फुकट रंगवून द्यायचा, आणि बदल्यात ती भिंत वर्षभर कंपनीची. लोक खूश असायचे, कुणी वर भाडं मागत नसे.

एजन्सीच्या मालकांना सगळे आप्पा म्हणत. कपाळावर विभूती, पांढरा सफारी, बोलायला अतिशय गोड. खरं नाव लिहीत नाही, त्यांची मुलं आज मोठी माणसं आहेत. मी औरंगाबादहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आलो होतो, वय तेवीस, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती.

तिसरे बब्रुवान मामा. माझे सख्खे मामा नव्हेत, सगळे त्यांना मामाच म्हणत. साठीचे, धोतर-टोपी, लहानपणी निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेले. मोडीपासून उर्दूपर्यंत वाचायचे, पण इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. त्यांचं काम म्हणजे एसटीने नाहीतर सायकलवर गावोगाव जाऊन प्रत्येक भिंत बघायची आणि वहीत शेरा लिहायचा. रंग उडाला का, पोस्टर चिकटवलं का, समोर टपरी आली का. सुरुवात ठरलेली असायची — ‘मुआयना केला.’ म्हणजे पाहणी केली. मग पुढे काय वाट्टेल ते. ‘मुआयना केला. रंग बरा. घरमालकाची म्हैस भिंतीला अंग घासते.’ ‘मुआयना केला. मालक बिमार, सध्या चुना लावायला जाऊ नये.’

या वह्यांवरून मी दर महिन्याला कंपन्यांचे रिपोर्ट टाइप करायचो. कुठल्या गावात कुठली भिंत, किती लोकांच्या नजरेस पडली, भिंतीची हालत कशी. पाच तारखेच्या आत पोचला नाही तर पुण्याहून फोन. मामांची एसटी चुकली, वही भिजली, की माझी बोंब. आप्पांनी सेकंडहँड कॉम्प्युटर आणला तेव्हा मी महिनाभर बसून फॉक्सप्रोमध्ये प्रोग्रॅम लिहिला. भिंतींची यादी एकदा भरली की झालं. दर महिन्याला एक बटण दाबायचं — बघणाऱ्यांचा आकडा मागच्या महिन्यापेक्षा थोडा वाढवून आपोआप यायचा आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकर करत पन्नास पानं ओकायचा.

हालतीच्या रकान्यात मी चार अक्षरांची जागा ठेवली होती. चारच. इंग्रजी ‘गुड’ तेवढ्यात बसतं. मामांचे शेरे घालायला जागाच नव्हती, आणि मला ती ठेवायची पण नव्हती. कंपनीला म्हशीचं काय करायचंय? सगळ्या भिंतींपुढे ‘गुड’ भरून टाकलं. कुणी वेगळं काही सांगेपर्यंत भिंत गुड.

आणि वेगळं सांगणार कोण? जानेवारीत आप्पांनी मामांना समोर बसवून चहा पाजला आणि म्हणाले, “मामा, आता तुमी आराम करा. हे पोरगं मशिनीवर समदं करतंय.”

मामांनी माझ्याकडे बघितलं. “मशीन जाती का भित बघाया?”

आप्पा हसले. मीही हसलो. ते हसू आज कुणी माझ्या तोंडावर दाखवलं तर मी त्याला झोडपीन... म्हणजे त्याला नाही, मलाच. मामांनी वही टेबलावर ठेवली आणि ते सिरसाळ्याला लेकीकडे राहायला निघून गेले.

फेब्रुवारीचा रिपोर्ट काढला. पंपाच्या कंपनीचा. कागद फाडताना एक ओळ वेडीवाकडी दिसली. एक्केचाळीस नंबरची भिंत. उमापूरच्या रस्त्याला एक गाव आहे, नाव देत नाही, तिथली वळणावरची भिंत. दगड-मातीचं कडब्याचं घर, मालक बाहेरगावी, पण भिंत अशी लांबलचक की येणाऱ्या प्रत्येक गाडीला समोरून दिसायची. पंपवाल्यांची लाडकी साइट. तिच्यापुढे ‘गुड’च्या जागी इंग्रजी लिपीत, मराठीत छापलं होतं —

मुआयना केला. चीर अंगठ्याएवढी झाली.

मी हसलो. मग डोकं फिरलं. कुणीतरी माझ्या प्रोग्रॅमला हात लावला होता! फाइल उघडली तर रकान्यात नीट ‘गुड’. प्रोग्रॅमच्या ओळी शोधल्या, ‘मुआयना’ कुठेच नाही. प्रिंटर बंद करून परत चालू केला. पुन्हा छापलं, पुन्हा तीच ओळ. चार अक्षरांच्या रकान्यात अख्खं वाक्य... शेजारच्या आकड्यांवरून सरळ पानाच्या कडेपर्यंत गेलेलं. बाकीच्या कंपन्यांचे रिपोर्ट स्वच्छ. शेवटी ते एक पान मी टाइपरायटरवर करून जोडलं आणि पाठवून दिलं. एक्केचाळीस, गुड.

मार्चमध्ये फ्लॉपीवरून सगळं नव्याने टाकलं. कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. रिपोर्ट काढला.

मुआयना केला. चिरेत हात जातो. खाली बाई मशीन टाकून बसते.

तो कागद मी आप्पांपुढे नेऊन ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, “मामाचं काम हाय. खुन्नस काढतोय म्हातारा. फाडून टाक.”

“आप्पा, पण चीर आहे का खरंच?”

“आरं, भूकंपापासून हाय ती. आपण दिवाळीत बुजवून, गुळगुळीत करून दिलीय. फोटो बघ की, कसली झ्याक दिसती.”

फोटो मी बघितला. खरंच झ्याक दिसत होती. पेंटरने भेगेत माती-सिमेंट कोंबलं होतं, वर चुना, वर ऑइलपेंट, आणि त्यावर निळ्या अक्षरात पंपाचं नाव. भेग कुठून कुठे गेली होती त्याचा पत्ता लागू नये इतकी सफाई.

मला खरा राग आला तो मामांचा. कुलूप कसं उघडलं, कुणाकडून करवून घेतलं, ते त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं ठरवलं. रविवारी दोन्ही महिन्यांचे कागद खिशात घातले, माजलगावला गाडी बदलली आणि सिरसाळा गाठलं.

मामा बाजेवर होते. उजव्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. न्हाणीत घसरून पडले होते, जानेवारीच्या शेवटी. लेक म्हणाली, तेव्हापासून उंबऱ्याबाहेर नाहीत. तरीही मी तावातावाने बोललो. तुम्ही माझ्या कामात खोड्या घालता, माझी नोकरी जाईल, वगैरे.

मामांनी ऐकून घेतलं. मग बाजेच्या काठाला धरून अर्धे उठले. “मला चोर म्हनायला आलास का बे दिगंबर? ह्यो पाय बघ. परसाकडं जायाला लेकीचा खांदा लागतोय. आन मी गेवराईला यिऊन तुझ्या मशिनीत लिहून जातो? मला एबीसीडी तरी येती का?”

मी कागद बाहेर काढले. ते म्हणाले, “काय लिहिलंय ते वाच.”

मी दोन्ही महिन्यांचं वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

“अक्षर माझं न्हाई,” ते म्हणाले. “पन बोलनं माझंच हाय.”

“म्हणजे?”

“म्हंजे मला काय ठाव! दिवाळीआंदी मी गेलतो तिथं. चीर करंगळीयेवढी व्हती. वहीत लिहिलं, भित घिऊ नका, बसंल. तू वाचलं न्हाईस?”

वाचलं होतं. वहीवरून यादी भरताना वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं, कारण ते टाकायला रकाना नव्हता. हे मी मामांना सांगितलं नाही. आप्पांनी चीर बुजवून घेतली, एवढंच सांगितलं.

त्यावर मामा असे भडकले, की तसं मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. “बुजवली? चीर बुजवली? आरं, चीर हाय म्हनून तर मानसं लांब बसतात! उद्याच्या उद्या जा. खरवडून काढ त्यो रंग. चीर उघडी कर, दिसू दे लोकांस्नी. ऐकतोस का न्हाई?”

“जातो,” मी म्हणालो. “उद्याच जातो.”

सोमवारी सकाळी आप्पा दारातच भेटले. बुधवारी पंपाच्या कंपनीचे साहेब पुण्याहून येणार होते, खास माझा प्रोग्रॅम बघायला. पसंत पडला तर जालना, परभणीचं पण काम आपल्याला. “दोन दिवस हितून हलायचं न्हाई,” आप्पा म्हणाले. मी भिंतीचं काढलं तर म्हणाले, “बुधवार होऊ दे, मग जा खुशाल. भिंत काय पळून चाललीय का?”

गेवराईहून ते गाव लूनावर अर्ध्या तासाचं. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. जेवायच्या सुट्टीत जाऊन आलो असतो. पण मी दोन दिवस बसून रिपोर्टच्या मथळ्याला चौकटी काढत होतो. साहेबांना आवडाव्यात म्हणून.

बुधवारी साहेब आले. टाय, एप्रिलच्या उन्हाने लाल झालेला चेहरा, बरोबर कंपनीचा एक एरिया मॅनेजर. आप्पांनी थंड मागवलं. मी सगळं समजावून सांगितलं, साहेब खूश झाले. म्हणाले, “म्हणजे माणूस पाठवायचीच गरज नाही? वंडरफुल.” मी बटण दाबलं.

प्रिंटर चालू झाला. मी त्या कागदाकडेच बघत होतो. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस... गुड, गुड, गुड. एक्केचाळिसाला प्रिंटरचं डोकं एका जागी थांबलं. मग सावकाश, एकेक अक्षर पाडत गेलं. एरवी तो प्रिंटर असा कधी चालला नव्हता, नंतरही चालला नाही.

मुआयना केला. भिंत पडली. बाई खाली.

भिंतीवर घड्याळ होतं. तीन वाजून छत्तीस मिनिटं. साहेबांनी वाकून वाचलं आणि विचारलं, “हे काय आहे? मुआयना म्हणजे?”

“काही न्हाई साहेब, मशीन हाय, चुकतं कधी कधी,” असं म्हणत आप्पांनी हसत हसत कागद टरकावला, चुरगळला आणि ‘परत छाप’ अशा अर्थाने माझ्याकडे बघितलं. मी उठलो. आप्पा मागून हाका मारत होते. मी जिना उतरलो आणि लूनाला किक मारली.

पोचलो तेव्हा लोक अजून पांगले नव्हते. वळणावर गर्दी, रस्त्यात दगडांचा ढीग. निळ्या अक्षरांचे तुकडे इकडेतिकडे पडलेले. शिलाई मशीनचं चाक ढिगाऱ्यातून वर आलं होतं. मी एकाला विचारलं, कधी झालं?

“आत्ताच की. अर्धा-पाऊण घंटा झाला. कौसाबाईला जीपमधी घालून बीडला नेलंय.”

“जिवंत आहे ना?”

“हाय. हात गेला पार.”

गावात फोन एकच, सरपंचाच्या घरी, आणि तो आठवडाभर बंद होता. हे मी तिथंच चार जणांना विचारून घेतलं. म्हणजे ऑफिसात कुणी कळवणं शक्यच नव्हतं. एवढं सगळं झालेलं असताना त्या ढिगाऱ्यापुढे उभा राहून मी फोनची चौकशी करत होतो. मला त्याचीही चीड येते.

आप्पांना काही झालं नाही. भिंत आणि घर दोन्ही घरमालकाचं, आम्ही फक्त रंग दिला होता. पंचनाम्यात लिहिलं, जुनं बांधकाम. जालना-परभणीचं काम मिळालं. मे महिन्याचा रिपोर्ट मी काढला तेव्हा एक्केचाळीस नंबरपुढे काहीही भानगड न करता छापून आलं, गुड. जमीनदोस्त झालेली भिंत, बघणाऱ्यांचा आकडा मागच्या महिन्यापेक्षा थोडा जास्त, आणि हालत गुड. ती ओळ पुन्हा कधी आली नाही. त्या यादीतून भिंत मी माझ्या हाताने काढली, आणि महिनाअखेरीला नोकरी सोडली. मोठा त्याग वगैरे समजू नका, मला औरंगाबादला दुसरी मिळाली होती.

मामांना मी पत्र लिहून सगळं कळवलं. उत्तर आलं नाही. पुढे एकदा सिरसाळ्याला गेलो तर त्यांनी मला बघून कूस बदलली, आणि मला त्यात काही चूक वाटली नाही.

ती ओळ कुणी छापली? मला माहीत नाही. मामा पडून होते, त्यांना इंग्रजी येत नव्हतं. खोलीला कुलूप होतं. फाइलमध्ये काही नव्हतं. पुढे वीस वर्षं मी याच धंद्यात होतो, मोठमोठ्या लोकांना हे सांगितलं, कुणी ठाम काही बोललं नाही. एकाने सुचवलं की वहीत वाचलेलं माझ्या डोक्यात राहिलं असेल आणि मीच नकळत टाइप केलं असेल. ठीक आहे, धरून चालू. मग बाई मशीन टाकून बसते हे मला कुणी सांगितलं? ती तर उन्हाळा लागल्यावर तिथं बसायला लागली होती... आणि भिंत पडायची वेळ?

पण हे सगळं मी सांगतोय ते त्या ओळीसाठी नाही.

भिंत पडल्यावर पाचव्या दिवशी मी बीडच्या सरकारी दवाखान्यात गेलो होतो. कौसाबाई पस्तिशीची असेल. लग्नसराईच्या दिवसांत झंपर शिवून घर चालवणारी. उजवा हात कोपरापासून काढला होता, वर पांढरं बँडेज. शेजारी तिची सासू वारा घालत बसली होती. मी म्हटलं, भिंतीचं काम करणाऱ्या एजन्सीतून आलोय. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घालाव्यात असंच वाटत होतं.

तिने मला बसायला सांगितलं. सासूने मोसंबं पुढे केलं.

“आंदी मी लिंबाखाली बसायची,” कौसाबाई म्हणाली. “त्या भितीला चीर व्हती ना, समद्या गावाला ठाव. कुनीच जात नव्हतं तिकडं. मग तुमी दिवाळीत नीट केली. म्हनलं, आता कंपनीनं नीट केलीय, सावली बी चांगली हाय दुपारची... म्हनून मशीन तिकडं नेली.”

मी मान हलवली.

“नीट केलती ना वो तुमी?”

“हो,” मी म्हणालो.

तिच्या बोलण्यात राग नव्हता, खरंच न समजल्यासारखं तिने विचारलं, “मग पडली कावून?”

याचं उत्तर मला माहीत होतं. सगळंच्या सगळं माहीत होतं.

“काय की, बाई,” मी म्हणालो, आणि मोसंबं हातात घेऊन उठलो.